दोन पाकिटांची मोजणी

पक्षीरक्षण मंडळात भांडणांना तोटा नव्हता, पण एका गोष्टीवर कधी कुणाचं दुमत झालं नाही. तळ्यावरची मोजणी मास्तर आणि पोस्टमन यांनीच करायची. मास्तर म्हणजे टेलर मास्तर. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं शिलाईचं दुकान, त्यात पायाने चालवायचं एक मशीन, एक उंच आरसा आणि गिऱ्हाईक कमी, गप्पा मारणारे जास्त. पोस्टमन म्हणजे निवृत्त पोस्टमन. नोकरी सुटून सात वर्षं झाली होती, पण गावाने त्यांचं हे नाव काही परत घेतलं नव्हतं. दोघांची मैत्री शाळेच्या बाकापासूनची. मास्तर त्यांना 'टपाल' म्हणायचे आणि ते मास्तरांना सरळ 'ए मास्तर' म्हणायचे.

मोजणीचा नियम साधा होता आणि कडक होता. हिवाळ्यातल्या ठरलेल्या रविवारी सकाळी सात ते नऊ, तळ्याकाठच्या लाकडी खोलीत दोघांनी एका बाकाच्या दोन टोकांना बसायचं. समोर आडवी लांबट खिडकी, खिडकीपलीकडे पाणी. पाण्यावरच्या पक्ष्यांचे मनाशी दहा-दहाचे गठ्ठे करत पुढे जायचं. बोलायचं नाही, एकमेकांच्या कागदात डोकवायचं नाही. नऊला पाणीपुरवठ्याचा भोंगा वाजला की ज्याने त्याने आपला आकडा चिठ्ठीवर लिहून आपापल्या पाकिटात बंद करायचा. संध्याकाळच्या सभेत चिटणीसबाई दोन्ही पाकिटं सगळ्यांदेखत फोडणार. आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक निघाला, तर मोजणी रद्द आणि पुढच्या रविवारी पुन्हा पहाटे उठणं आलं.

नदीवर दोन सख्खे भाऊ जायचे. त्यांचे आकडे असे निघायचे, की दोघं एकाच नदीवर गेले होते का, अशी शंका यावी. मास्तर आणि पोस्टमन यांच्यात मात्र फरक कधी चाळीसचा, कधी वीसचा. एका वर्षी तर फक्त दहाचा निघाला आणि सभेत टाळ्या पडल्या. चिटणीसबाईंची उभी हयात औषधाच्या दुकानात गोळ्या मोजण्यात गेलेली. कुणाच्याही आकड्यावर त्यांचा चटकन विश्वास बसत नसे, पण या जोडीचं पाकीट फोडताना त्यांचा चेहरा सैल पडायचा. बाकीच्या जोड्यांवर त्या अधूनमधून तिसरा माणूस पाठवून फेरतपासणी करत. तळ्यावर त्यांनी कधी कुणाला पाठवलं नाही. गरजच काय होती?

गरज होती, कारण मास्तरांना पाच वर्षांपासून तळं नीट दिसतच नव्हतं.

म्हणजे पाणी चमकलेलं कळायचं, काठावरच्या पाणकणसांचा तपकिरी पट्टा कळायचा. पण पाण्यावर थापट्या बदक आहे, टिबुकली आहे की नुसती लाट, हे सांगायला सांगितलं असतं तर मास्तरांची पाचावर धारण बसली असती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन म्हटलं की ते विषय बदलायचे. शिवाय ऑपरेशन करायचं म्हणजे आधी दिसत नाही हे कबूल करायचं, आणि मास्तर ते स्वतःशीसुद्धा कबूल करत नव्हते. सून कामावर जाण्याआधी दुकानातल्या सुया ओवून ठेवायची, मापं बोटांना पाठ होती. तळ्यावर मात्र बोटांचा उपयोग नव्हता.

पहिल्या वर्षी खिडकीशी बसल्यावर त्यांना दरदरून घाम फुटला होता. तेवढ्यात बाकाच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला, टक. पोस्टमनच्या मुठीत एक छोटं काउंटर असायचं. अंगठ्याने बटण दाबलं की टक वाजायचं आणि आकडा एकाने पुढे सरकायचा. एक टक म्हणजे दहा पक्षी. मास्तरांना बदकं दिसत नव्हती, पण कान शाबूत होते आणि आकडे येत होते. ते टका मोजत बसले. शेवटी दहाने गुणलं, आणि कापड बेतताना शिवणीला थोडं जास्तीचं सोडतात तसे वर दहा-वीस, कधी चाळीस सोडले, म्हणजे दोन चिठ्ठ्या हुबेहूब निघायला नकोत. एवढ्या वर्षापुरतंच, असं त्यांनी स्वतःला बजावलं. पुढे पाच वर्षं त्यांनी तेच केलं. आकडा दरवर्षी त्रेपन्नशेच्या आसपास यायचा.

या आकड्याला गावात वजन होतं. नगरपालिकेला तळ्याभोवती फिरायचा रस्ता करायचा होता आणि त्यासाठी पाणकणसाची बेटं एकेक करून कापायची होती. पक्षी त्याच बेटांत निजायचे, त्यातच अंडी घालायचे. ठरलं होतं असं, की सहा वर्षांची सरासरी चार हजारांच्या वर असेल तर मंडळाने कापणीला हरकत घ्यायची नाही. सरासरी दरवर्षी वरच राहिली. म्हणून उत्तरेचं बेट गेलं, मग पश्चिमेचं गेलं. आता पूर्वेचं एकच बेट उरलं होतं आणि त्याचा निकाल या वर्षीच्या मोजणीवर लागायचा होता.

मोजणीला तीन आठवडे राहिले असताना पोस्टमन स्वतःच्याच न्हाणीघरात घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं, तीन महिने अंथरूण. चिटणीसबाईंनी त्यांच्या जागी मास्तरांच्या सुनेचं नाव लिहिलं. सून दोन वर्षांपासून मंडळात होती आणि प्रयोगशाळेत रक्ताच्या पेशी मोजायचं काम करायची. तिच्याहून चांगलं माणूस शोधून सापडलं नसतं. मास्तरांनी मान डोलावली. घरी आल्यावर त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, की काउंटर कुठलं वापरणार? मोबाइलवर, ती म्हणाली, आणि पक्षी बिचकू नयेत म्हणून आवाज बंद ठेवणार. मास्तरांनी त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय दुसऱ्याहून दोन बोटं आखूड केला.

मोजणीच्या आदल्या गुरुवारी ते पोस्टमनच्या घरी गेले. खाट खिडकीशी ओढलेली, उशाशी औषधांची रांग. वहिनींनी चहा आणून ठेवला, "भावजी, यांना उठू देऊ नका," असं बजावलं आणि त्या आत गेल्या. मास्तरांनी कपातल्या चहाकडे बघत बघत एका दमात सांगून टाकलं.

"टपाल, मला तळं दिसत नाही रे. पाच वर्षं झाली. मी तुझी टकटक मोजायचो."

पोस्टमननी उशीवरून मान उचलली. मग म्हणाले, "कसली टकटक?"

"कसली म्हणजे? तुझ्या काउंटरची."

"अरे," पोस्टमन हळूच म्हणाले, "पण मी तुझ्या पायावर दाबायचो."

उलगडायला अर्धा कप चहा लागला. झालं होतं असं, की निवृत्तीनंतर पोस्टमनचं चित्त एका जागी ठरत नव्हतं. डोळे तीक्ष्ण होते, पण बदक दिसलं की ते बदकच बघत बसायचे. ते बुडी कशी मारतं, शेपटी कशी झटकतं, आणि तोवर गठ्ठा कितवा होता हे डोक्यातून गेलेलं असायचं. पहिल्या वर्षी तेही असेच घाबरले होते. मग त्यांच्या ध्यानात आलं की मास्तरांचा उजवा पाय लाकडी जमिनीवर एका लयीत पडतोय. चाळीस वर्षं मशीन चालवलेला पाय, तो स्वस्थ कसला बसतोय! त्यांना वाटलं, मास्तर प्रत्येक दहाला एकदा पाय आपटतायत. ते पाय पडला की बटण दाबू लागले. आणि मास्तरांचा पाय पडत होता तो टक ऐकू आली म्हणून.

"मग सुरुवात कोण करायचं?" मास्तरांनी विचारलं.

दोघांनी आठवून पाहिलं. सात वाजले की मास्तर पाय नीट टेकवून बसायचे. त्या आवाजाला पोस्टमन पहिली टक करायचे, त्या टकेला मास्तरांचा पाय पडायचा, त्याला, दहा पक्षी मोजायला लागतील तेवढं थांबून, पुढची टक. भोंगा वाजेपर्यंत दोन तास हेच चालायचं. वेळ तेवढाच, लय तीच, म्हणून आकडाही दरवर्षी तोच. पोस्टमनना हसू फुटलं. मास्तर आधी रागाने बघत राहिले, मग तेही हसू लागले. पोस्टमन खुबा धरून "हसवू नकोस रे, दुखतंय," म्हणत होते आणि थांबत नव्हते. वहिनी दाराशी येऊन बघून गेल्या.

हसणं ओसरल्यावर मास्तर म्हणाले, "मग बदकं कोण मोजत होतं?"

पोस्टमननी खिडकीबाहेर नजर लावली. कमी झालेली दिसत होती, ते म्हणाले. गेली तीन वर्षं तर चांगलीच कमी. पण मास्तरांचा पाय काही थांबत नव्हता, तेव्हा त्यांना वाटलं याला दिसतायत, आपलंच लक्ष नाही. हे ऐकून मास्तरांना हातातला कप जड वाटायला लागला. उत्तरेचं बेट आणि पश्चिमेचं बेट आपण दोघांनी बसल्या जागी कापलं, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं.

आपण सभेत सांगणार आहोत, असं मास्तर म्हणाले. पोस्टमननी त्यांचं मनगट धरलं.

"तुझं सांग. माझं नाव घेऊ नकोस. चाळीस वर्षं पत्रं वाटली मी, एक चुकीच्या दारात टाकलं नाही. या गावात माझं एवढंच आहे."

"नाही घेत," मास्तर म्हणाले. आणि त्या क्षणी ते अगदी मनापासून म्हणाले.

रविवारी सकाळी लाकडी खोलीत इतकी शांतता होती, की मास्तरांना स्वतःचा श्वास ऐकू येत होता. बाकाच्या दुसऱ्या टोकाला सून दुर्बीण लावून बसली होती. अंगठा हलत होता, आवाज नव्हता. मास्तरांचा पाय दोनदा उठला आणि टक न मिळाल्यामुळे तसाच खाली आला. ते डोळे ताणून बघत राहिले. पांढुरकं पाणी, त्यात काही ठिपके. ठिपके पाण्यावर होते की डोळ्यांत, देव जाणे. दूर कुठेतरी एक पाणकावळा घोगरा ओरडला, तेवढा एक त्यांनी खात्रीने मोजला.

भोंगा व्हायच्या आधीच सुनेचं काम संपलं. पूर्वी दोन तास पुरत नसत, असं मंडळाच्या जुन्या वह्यांत लिहिलेलं होतं. तिने चिठ्ठी लिहिली, पण पाकिटात घातली नाही. ती बाकावर, दोघांच्या मधोमध, उलगडून ठेवली. आकडे एवढे मोठे काढले होते की दुकानावरच्या पाटीवर शोभले असते. दोन हजार नऊशे दहा.

"बाबा, मी जरा बाहेर पाय मोकळे करून येते," ती म्हणाली आणि गेली.

मास्तरांना भरून आलं. हिला सगळं माहीत आहे, कदाचित त्या आखूड पँटच्याही आधीपासून. कधी एका शब्दाने बोलली नाही, आणि आज सासऱ्याची लाज राखायला आपला नियम मोडून बसली. नुसतं अठ्ठावीसशे ऐंशी लिहायचं की सुटलो. आकडाही खराच होता. पण मास्तर टेलर होते, एका नजरेत कापड किती पुरेल हे त्यांना कळायचं. पाच वर्षांचे त्रेपन्नशे आणि त्यात हे एक वर्ष घातलं, तरी सरासरी चार हजारांच्या कितीतरी वर राहत होती. एखादं वर्ष वाईट गेलं, असं सगळे म्हणाले असते आणि पूर्वेचं बेटही गेलं असतं. त्यांनी सुनेची चिठ्ठी घडी करून तिच्या पाकिटात घातली आणि स्वतःच्या कागदावर तीनच शब्द लिहिले.

मंडळाची खोली सायकलच्या दुकानावर, माडीवर होती. संध्याकाळी नऊ-दहा जण जमले. चिटणीसबाईंनी आधी नदीवरच्या भावांना झापलं, मग तळ्याची पाकिटं हातात घेतली. पहिल्या पाकिटातला आकडा वाचला तसे सगळे चपापले. तो फळ्यावर लिहून त्यांनी दुसरं पाकीट फोडलं, चष्मा वर केला, खाली केला.

"मला दिसलं नाही," त्यांनी वाचलं. "मास्तर, हे काय?"

मास्तर उभे राहिले. त्यांनी डोळ्यांचं सांगितलं, पाच वर्षांचं सांगितलं, काउंटरच्या टका मोजत होतो हेही सांगितलं. आपले पाचही वर्षांचे आकडे खोडून टाका, म्हणाले. सून खाली मान घालून बसली होती. चिटणीसबाईंनी कपाळाला हात लावला, थोडा वेळ वही चाळली, आणि मग त्यांचा जीव भांड्यात पडलेला सगळ्यांना दिसला.

"तुम्ही केलंत ते वाईटच केलंत," त्या म्हणाल्या. "पण मंडळाची अब्रू वाचली. एकाचा आकडा बाद झाला तर दुसऱ्याचा धरायचा, असं कलम आहे. पोस्टमनचे आकडे आहेत. सरासरीला धक्का लागत नाही."

खुर्च्या सरकल्या. कुणीतरी चहाचा थर्मास उघडला. मास्तरांच्या पाठीवरून एक हात फिरला, वयच झालं हो, असंही कुणी म्हणालं. सगळं मिटलं होतं. त्यांनी नुसतं खाली बसायचं होतं, आणि पोस्टमनना दिलेला शब्दही शाबूत राहत होता. ते कलम मास्तरांनी कधी वाचलेलं नव्हतं. आपण एकट्याने पुढे होऊन दोष घेतला की काम भागेल, असं धरून ते आले होते. आता ते उभेच राहिले, कारण बसलं तर पुन्हा उठणं होणार नाही हे त्यांना ठाऊक होतं.

"त्याचेही धरू नका," ते म्हणाले.

"का बरं?"

त्यांनी पायाचं सांगितलं. सांगताना दोघं-तिघं खुदकन हसले, आणि मग कशावर हसतोय हे कळून गप्प झाले. चिटणीसबाई हसल्या नाहीत. तळ्यावर फेरतपासणीला मी माणूस पाठवला नाही, ही चूक माझी, असं त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. पट्टी घेऊन त्यांनी वहीतल्या पाच ओळींवर पाच रेघा मारल्या. सहा वर्षांचा एकच आकडा उरला. एका आकड्याची सरासरी निघत नाही, म्हणून कापणीला मंडळाची लेखी हरकत, असं पत्र त्याच सभेत लिहिलं गेलं. मोजणाऱ्यांच्या यादीतून दोन नावं कमी झाली. मास्तरांनी सही करायला पेन मागितलं, तर सुनेने त्यांचं बोट धरून कागदावर जागा दाखवली.

जिना उतरताना ती म्हणाली, "घरी जाऊ या, बाबा. तुम्ही दमलात." मास्तर नको म्हणाले. ही बातमी पोस्टमनच्या दारात दुसऱ्या कुणी टाकायच्या आत आपण पोचायला हवं.

खोलीत दिवा लागलेला होता. वहिनींनी खुर्ची पुढे केली, पण मास्तर बसले नाहीत. त्यांनी दाराशी उभ्यानेच सांगितलं, काही न वगळता. कलमाचंही सांगितलं, पण ते सबब म्हणून नाही. पोस्टमन छताकडे बघत ऐकत होते. वहिनींनी एकदा मास्तरांकडे पाहिलं आणि औषधाची बाटली उचलून पुन्हा तिथेच ठेवली.

"हसले?" पोस्टमननी विचारलं.

"हसले. थोडे."

"किती निघाली?"

"दोन हजार नऊशे दहा."

पोस्टमननी डोळे मिटले. गेल्या वर्षी आपल्यालाही तेवढीच वाटली होती, ते म्हणाले, साधारण तेवढीच. रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मास्तरांना माफी मागायची होती, पण दिलेला शब्द मोडल्याची माफी कुठल्या तोंडाने मागायची, ते त्यांना कळेना.

"आणि पूर्वेचं बेट?"

"राहिलं."

पोस्टमननी कूस बदलायचा प्रयत्न केला, खुब्यातून कळ आली तशी ओठ आवळले आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

"आज जा," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "उद्या ये."